कॉलेजचा फीडबॅक मोबाईलवर आला, पण पोरांचं म्हणणं पोहोचतंय का?

सेमिस्टर संपत आलं की कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लिंक पडते. खाली सूचना असते, "सर्वांनी आजच्या आज फीडबॅक फॉर्म भरावा, भरल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा." पोरं लिंक उघडतात, वरून खाली बोट सरकवत सगळीकडं 'उत्तम' दाबतात, स्क्रीनशॉट टाकतात आणि मोकळी होतात. वर्षभर एका विषयाचे किती तास झाले, प्रॅक्टिकल झालं की नुसती वही भरून घेतली, हे त्या दोन मिनिटांत कुठंच येत नाही.

बऱ्याच घरांत आई-बापाला हा फॉर्म असतो हेही माहीत नाही. पण कॉलेजला मिळणारा दर्जा, शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं नाव आणि आपल्या पोरांचं शिक्षण या तिन्ही गोष्टींशी त्याचा संबंध आहे. म्हणून हा विषय जरा सविस्तर समजून घेऊ.

हा फीडबॅक मागतं कोण?

देशातल्या कॉलेजांना आणि विद्यापीठांना दर्जा देणारी संस्था म्हणजे नॅक, राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद. विद्यापीठ अनुदान आयोगाखालची ही स्वायत्त संस्था १९९४ मध्ये बंगळुरूला स्थापन झाली. कॉलेजच्या गेटवर 'नॅक मानांकित' असा जो बोर्ड दिसतो, तो हिच्या मूल्यांकनाचा.

२०१७ मध्ये नॅकनं मूल्यांकनाची पद्धत बदलली आणि विद्यार्थ्यांचं मत दोन ठिकाणी घेतलं. हे दोन फीडबॅक वेगवेगळे आहेत आणि पोरांची गल्लत इथंच होते.

पहिला फीडबॅक कॉलेज स्वतः घेतं. अभ्यासक्रमाबद्दल विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणारे यांना विचारायचं, आलेल्या उत्तरांचा अभ्यास करायचा, त्यावर काय केलं ते लिहायचं आणि वेबसाईटवर टाकायचं. ग्रुपवर येणारी लिंक बहुतेक वेळा याचीच असते.

दुसरा फीडबॅक नॅक स्वतः घेते. त्याचं नाव विद्यार्थी समाधान सर्वेक्षण. कॉलेज आपल्या विद्यार्थ्यांची यादी ईमेल आणि मोबाईल नंबरसकट नॅकला देतं, आणि नॅककडून विद्यार्थ्यांना थेट ऑनलाईन प्रश्नावली जाते. त्यात पर्याय निवडायचे वीस प्रश्न आणि शेवटी स्वतःच्या शब्दांत तीन सूचना लिहायची एक जागा असते. पहिलाच प्रश्न असा की वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला. पुढं शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत गुण देताना न्याय होतो का, तुमच्या असाईनमेंटवर तुमच्याशी चर्चा झाली का, किती शिक्षक प्रोजेक्टरसारखी साधनं वापरतात, असे प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तराला ४ पासून ० पर्यंत गुण.

प्रश्न वाचले तर मुद्द्याचे आहेत. अडचण उत्तरांच्या वाटेवर आहे.

साठ पोरं बोलली की झालं

नॅकच्या या सर्वेक्षणात कॉलेजच्या एकूण विद्यार्थ्यांपैकी १० टक्के किंवा १०० विद्यार्थी, यात जे कमी असेल तेवढ्यांची उत्तरं आली की ती धरली जातात. त्याहून कमी आली तर तो भाग मूल्यांकनात धरत नाहीत.

हिशेब करून बघा. ६०० विद्यार्थ्यांच्या कॉलेजात ६० जणांनी भरलं की पुरे. २००० विद्यार्थ्यांचं कॉलेज असेल तर १०० जण पुरे, म्हणजे शेकडा ५. आता हे साठ-शंभर जण कोण? ज्यांच्याकडं स्वतःचा फोन आहे, ईमेल चालू आहे, जे रोज कॉलेजात येतात आणि ज्यांना "भरून टाका रे" असं सांगितलेलं आहे. एसटीनं पंचवीस किलोमीटरवरून येणारी, सोयाबीनच्या काढणीत पंधरा दिवस कॉलेजला न फिरकणारी पोरं यात सापडणं अवघड. तास बुडण्याचा आणि एसटी चुकण्याचा खरा फटका मात्र त्यांनाच बसतो.

मोबाईलनं सोय झाली, हे मान्यच

आधी कागदी फॉर्म असायचे. वर्गात वाटायचे, गोळा करायचे, क्लार्कनं बसून रेघा मारत मोजायचे. बरेच गठ्ठे कपाटात जायचे आणि पाहणी समिती यायच्या आठवड्यात बाहेर निघायचे. आता उत्तर दाबलं की मोजणी आपोआप होते. कुठल्या विषयात पोरं अडली, हे प्राचार्यांना त्याच संध्याकाळी दिसू शकतं. खर्चही जवळजवळ नाही. फुकटच्या गुगल फॉर्मवरही काम भागतं, त्यासाठी कुठल्या कंपनीचं महागडं अ‍ॅप विकत घ्यायची गरज नाही.

सगळ्यात मोठा फायदा वेळेचा. फॉर्म सेमिस्टरच्या शेवटी भरला तर त्याचा उपयोग झालाच तर पुढच्या बॅचला. आपली पोरं तोवर परीक्षा देऊन निघून गेलेली असतात. मोबाईलवर हेच काम पाचव्या-सहाव्या आठवड्यात करता येतं. "अकाउंट्सचे तास होत नाहीत", "केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये साहित्य नाही" हे तेव्हाच कळलं तर दुरुस्ती त्याच पोरांसाठी होते. पिकाला पाणी फुलोऱ्यात द्यायचं असतं. मळणीच्या वेळी दिलं तर त्याचा काय उपयोग, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

अडतं कुठं?

ई-पीक पाहणी आठवा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. कल्पना चांगली, आपल्या पिकाची नोंद आपणच करायची. पण रेंज नाही, सर्व्हर चालत नाही, फोन जुना, म्हणून गावोगाव एकाच पोराच्या मोबाईलवरून साऱ्या आळीची पाहणी झाली. अ‍ॅप आलं म्हणजे शेतकऱ्याचा आवाज पोहोचला असं होत नाही, हे आपण तिथं शिकलोय. कॉलेजच्या फीडबॅकचं तसंच आहे.

पहिली अडचण ईमेल आणि नंबरची. खेड्यातल्या अनेक पोरांचा ईमेल अकरावीच्या किंवा स्कॉलरशिपच्या फॉर्मच्या वेळी सेतूवर नाहीतर नेट कॅफेवर बनवलेला असतो. पासवर्ड त्या दुकानदारालाच माहीत. नंबर दिलेला असतो वडिलांचा, आणि वडील असतात शेतात. नॅकची लिंक आली तरी ती पोरापर्यंत येत नाही. पोरींचं आणखी अवघड. कितीतरी घरांत फोन एकच, तोही भावाच्या हातात. अशी मुलगी मोकळेपणानं काय लिहिणार?

दुसरी अडचण भीतीची, आणि ही सगळ्यात मोठी. अंतर्गत परीक्षेचे आणि प्रॅक्टिकलचे गुण त्याच शिक्षकाच्या हातात असतात. फॉर्म भरताना वर 'तुमचा ईमेल नोंदवला जाईल' अशी ओळ दिसली, किंवा रोल नंबर टाकायला सांगितला, की पोरगं तिथंच गप्प होतं. स्क्रीनशॉट मागितला तर सगळंच संपलं. नाव लपवलं तरी तिसऱ्या वर्षाला भूगोल घेणारी सहाच पोरं असतील तर कुणी काय लिहिलं हे ओळखायला कितीसा वेळ लागतो?

इथं एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावरून गैरसमज फार आहेत. गुगल फॉर्ममध्ये 'एकानं एकदाच भरावा' अशी सोय आहे. त्यासाठी आपल्या खात्यात लॉगिन करावं लागतं, पण तेवढ्यानं फॉर्म बनवणाऱ्याला नाव कळत नाही. ईमेल गोळा करायचं बटण त्यानं वेगळं चालू केलं असेल तरच कळतं, आणि तसं असेल तर भरणाऱ्याला फॉर्मवरच सूचना दिसते. म्हणजे दोनदा भरणं रोखायचं आणि नावही घ्यायचं नाही, हे दोन्ही एकावेळी जमतं. कॉलेजनं ठरवायचं असतं.

तिसरी अडचण कंटाळ्याची. विषय सहा, प्रत्येक विषयाला वीस प्रश्न, म्हणजे एकशेवीस वेळा बोट दाबायचं. चौथ्या विषयापासून पोरगं वाचतच नाही.

आकडा दिसतो तेवढा खरा नसतो

समजा वर्गात ४० पोरं आहेत. फॉर्म १० जणांनी भरला. आठ जणांनी ५ पैकी ५ दिले, दोघांनी १ दिला. सरासरी येते ४.२. अहवालात लिहिलं जातं, 'विद्यार्थी समाधानी'. पण गप्प राहिलेल्या तीस जणांचं काय, आणि त्या दोघांना १ का द्यावा वाटला, हे ४.२ सांगत नाही. त्या दोघांनी कारण लिहिलं असेल तर ते वाचणं सरासरीपेक्षा जास्त कामाचं.

दुसरीकडं, पोरांनी दिलेले गुण म्हणजे शिकवण्याचं अचूक माप, असंही समजू नये. यावर परदेशात बरेच अभ्यास झालेत. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या काही गटांना तासाला चॉकलेटची बिस्किटं ठेवली, काहींना ठेवली नाहीत. शिकवणं तेच होतं. बिस्किटं खाल्लेल्या गटांनी शिक्षकांना आणि अभ्यास साहित्यालाही जास्त गुण दिले. हा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात एका ऑनलाईन कोर्समध्ये एक पुरुष आणि एक महिला अशा दोन शिक्षकांनी एकमेकांची नावं वापरून शिकवलं. विद्यार्थ्यांना फक्त नाव दिसत होतं. शिकवणारा कुणीही असो, पुरुषाचं नाव असलं की गुण जास्त पडले. २०१५ चा हा अभ्यास लहान होता, पण त्यानं जगभर चर्चा झाली. २०१८ मध्ये कॅनडात टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठातला वाद लवादापुढं गेला. तिथं निर्णय झाला की विद्यार्थ्यांच्या अशा गुणांवरून शिकवण्याची गुणवत्ता मोजून बढती आणि कायम नोकरीचे निर्णय घेऊ नयेत.

आपल्याकडं याचा अर्थ काय? आपल्या कॉलेजांत कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि बरेच वर्ग तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक चालवतात. त्यांना तासावर मानधन, तेही वेळेवर मिळेल याचा भरवसा नाही, आणि दरवर्षी नेमणूक नव्यानं. अशा माणसाच्या डोक्यावर अ‍ॅपमधल्या सरासरीची टांगती तलवार ठेवली तर तो काय करणार? कॉपीकडं काणाडोळा करील, अंतर्गत गुण सढळ हातानं देईल, अवघड धडा सोडून देईल. कडक शिकवणाऱ्या, हजेरी काटेकोर घेणाऱ्या मॅडमना कमी गुण पडतील आणि 'आयएमपी' वाटणारे सर पहिले येतील. यात नुकसान पोरांचंच.

म्हणून प्रश्न कसे विचारायचे हे महत्त्वाचं. 'सर आवडतात का?' याचं उत्तर मनाचं असतं. 'या महिन्यात या विषयाचे किती तास झाले?', 'किती प्रॅक्टिकल स्वतःच्या हातानं केली?', 'चाचणीचा पेपर तपासून परत मिळाला का?' याचं उत्तर मोजता येतं. चाळीस पोरांपैकी तीस जणांनी 'दोनच प्रॅक्टिकल झाली' लिहिलं, तर तिथं आवडीनिवडीचा प्रश्नच राहत नाही. आणि ती प्रॅक्टिकल शिक्षकामुळं झाली नाहीत की संस्थेनं साहित्यच घेतलं नाही, हाही प्रश्न मग संस्थाचालकांना विचारावा लागतो.

फॉर्म भरल्यावर पुढं काय?

नॅकच्या २०१७ च्या पद्धतीत कॉलेजच्या फीडबॅकला पायऱ्या आहेत. नुसता गोळा केला तर सगळ्यात खालची. गोळा करून अभ्यास केला तर त्यावरची. कृती केली तर आणखी वरची. आणि हे सगळं करून वेबसाईटवर ठेवलं तर सगळ्यात वरची. या 'काय कृती केली' कागदाला कृती अहवाल म्हणतात. आपल्या पोराच्या कॉलेजची वेबसाईट उघडून अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या पानावर तो सापडतो का, एकदा बघा. कुठं तो आहे, कुठं नाही, आणि कुठं दरवर्षी त्याच त्या चार ओळी. 'सूचनांची नोंद घेण्यात आली' ही कृती झाली नाही. 'भौतिकशास्त्राचे राहिलेले बारा तास शनिवारी घेतले' ही कृती झाली.

एकदा लिहून काहीच झालं नाही की दुसऱ्या वर्षी पोरगं मनापासून लिहीत नाही. गावातल्या एका बी.एस्सी.च्या मुलीला मी विचारलं, फॉर्ममध्ये काय लिहिलंस? ती म्हणाली, "काका, पहिल्या वर्षी लिहिलं होतं पाण्याची टाकी धुवा म्हणून. आता तिसरं वर्ष संपलं, टाकी तशीच हाय. आता 'उत्तम' दाबते." कॉलेजात फीडबॅकचं पुढं काय होतं, ते या एका उत्तरात आलं.

आता नॅकची पद्धतही बदलायला लागलीय. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं की ग्रेडऐवजी आधी कॉलेज मानांकित आहे की नाही एवढंच ठरेल आणि त्यापुढं पाच पातळ्या असतील. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेला चांगला दर्जा देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं नॅकच्या पाहणी समितीतल्या लोकांना अटक केली. त्यामुळं समितीच्या भेटीपेक्षा ऑनलाईन माहितीवर भर वाढणार हे दिसतंय. म्हणजे मोबाईलवर भरलेल्या उत्तराचं वजन पुढं वाढेल, कमी होणार नाही. ते उत्तर खोटं असेल तर दर्जाही खोटा, आणि तो दर्जा बघून पोराला तिथं घालणारा बाप फसणार.

फीडबॅक वेगळा, तक्रार वेगळी

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पैसे मागितले, कागदपत्रं अडवून ठेवली, स्कॉलरशिप अडली, त्रास दिला, तर हे फीडबॅक फॉर्ममध्ये लिहून भागत नाही. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण नियम आहेत. प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत समितीनं अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडं अपील करता येतं. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, फोटो काढून ठेवा.

मग करायचं काय?

विद्यार्थ्यांनी:
• स्वतःचा ईमेल स्वतः चालू करून घ्यावा, पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. कॉलेजात दिलेला नंबर कुणाचा आहे ते तपासावं.
• फॉर्म उघडल्यावर आधी वर बघावं, ईमेल नोंदवतात का, रोल नंबर मागतात का.
• शेवटच्या मोकळ्या जागेत शिव्या नकोत, कौतुकही पोकळ नको. तास, तारीख, विषय लिहावा. चांगलं शिकवणाऱ्याचंही नेमकं लिहावं. तासिकेवरच्या सरांना त्याचा आधार होतो.
• लिंक कुठून आली ते बघावं. फीडबॅकच्या नावाखाली ओटीपी, बँक खातं किंवा आधार क्रमांक मागितला तर ती लिंक बंद करावी आणि कॉलेजला कळवावं.

पालकांनी:
• पालक सभेत एकच प्रश्न विचारा, "मागच्या वर्षीच्या फीडबॅकवर काय केलं ते दाखवा."
• वेबसाईटवर नसेल तर लेखी मागा. अनुदानित कॉलेज असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस.
• घरात फोन एकच असेल तर फॉर्मच्या दिवशी तो मुलीच्या हातात द्या, आणि ती भरत असताना डोकावू नका.

कॉलेजांनी:
• फॉर्म सेमिस्टरच्या मध्यावर घ्यावा. प्रश्न सात-आठच, आणि मराठीत.
• वर्गातच दहा मिनिटं द्यावीत, शिक्षकानं त्या वेळी बाहेर थांबावं. फोन नसलेल्यांसाठी कॉम्प्युटर लॅब उघडी ठेवावी, नाहीतर कागद द्यावा.
• स्क्रीनशॉट मागणं बंद करावं. दहापेक्षा कमी पोरांच्या वर्गाची उत्तरं दुसऱ्या वर्गाबरोबर मिळवून दाखवावीत.
• पंधरा दिवसांच्या आत बोर्डावर तीन ओळी लावाव्यात. काय सांगितलं, काय केलं, काय करता येत नाही आणि का.

यातल्या एकाही कामाला मोठा निधी लागत नाही. लिंक तीच, फोन तोच. पोरांनी खरं लिहिलं तर त्यांचं वाकडं होणार नाही आणि लिहिलेलं कुणीतरी वाचेल, एवढी खात्री दिली तर बाकीचं पोरं करतात. येत्या सेमिस्टरला लिंक आली की घरात एकदा विचारा, "काय लिहिलंस बाळा?" उत्तर 'सगळं उत्तम' आलं तर कॉलेजात एक चक्कर मारून या.